आडवी पडलेली साइन

सर, तुम्ही गेल्यानंतर आपल्या प्रयोगशाळेतल्या गणिताच्या सॉफ्टवेअरला रंगीत बटणं आली आहेत आणि मला त्या बटणांची किळस आली आहे. तुमच्या वेळच्या काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टाइप करावी लागे. एक कंस चुकला की अर्धा तास जाई, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या देई. एकदा मी शेजारणीचं बघून उत्तर लिहिलं. तुम्ही माझ्या मागे उभे होतात, बोटांना खडू लागलेला. "उत्तर बरोबर हाय, पोरी. पन तू काय केलं थे कुठी हाय? लिहून दाखव."

परवा प्रात्यक्षिक परीक्षा होती, मी परीक्षक. धनजहून एसटीने येणारी एक मुलगी पहिल्या मशीनवर बसली. उणे सहा ते सहा, साइनचा आलेख. तिच्या पडद्यावर लाटेऐवजी जवळजवळ सरळ रेघ पसरली. शेजारचा मुलगा खिदळला, "मॅडम, इची साइन लाइनवर आली!"

"काय केलंस?" मी तिला विचारलं.

"म्या काईच नाई केलं, मॅडम. सूत्र टाकलं, बटन दाबलं. थ्यानंच असं काढलं."

"साइनची लाट असते, एवढंही कळत नाही?" सगळ्यांसमोर म्हणाले आणि शून्य दिलं. त्या शून्याने ती नापास होते.

सगळे गेल्यावर तिचं मशीन बंद करताना मेनूच्या आतल्या मेनूत खूण दिसली: कोन अंशांत. रेडियन हवे होते. पूर्ण लाटेला तीनशे साठ अंश लागतात, सहा अंशांत ती उठणार कुठून? सकाळी साइन तीसचा प्रश्न तपासताना ती खूण मीच केली होती, आणि विसरले. तुमच्या पडद्यावर माझी ओळ तशीच वर राहिली असती, कुणीही बोट ठेवलं असतं. इथे मागमूस नाही. मी एक क्लिक करून खूण परत रेडियनवर नेली आणि माझी चूक कधी झालीच नव्हती, असं झालं. मग खरी किळस आली. बटणाने फक्त जागा दिली, लपवलं मी.

गुणपत्रिकेचा लिफाफा अजून माझ्या कपाटात आहे, उद्या जाईल. तिचं शून्य बदलायला प्राचार्यांना चार ओळींचा अर्ज पुरे. लिहून दाखव म्हणायचात ना, दाखवलं, सर. पण अर्जाच्या कागदावर अजून फक्त तारीख आहे, आणि हे सगळं मी अशा माणसाला लिहिलंय जो कुणाला सांगणार नाही.