दुसरा नारळ

१२ जुलै
छापखान्याचा फोन. "सर, पुस्तक कधी?" महिनाअखेर, म्हटलं. पंचवीस वर्षं गणित शिकवलं आणि आता पनवेलचे रिक्षावालेही मला 'इतिहासवाले सर' म्हणतात!

आज गावच्या मिठागराचं प्रकरण संपवलं. पंचावन्न सालच्या उधाणात बांध फुटला. आमच्या आजोबांनी, दाजींनी, एकट्याने भगदाड अडवलं. म्हणून नारळी पौर्णिमेला पहिला नारळ आमच्या घराचा. तळटीप – आम्ही दोन सोडतो. दुसरा मुकाट्याने, कुणाचंही नाव न घेता. कारण अज्ञात.

१९ जुलै
शरीफाखालांकडे गेलो. वय एक्क्याऐंशी. त्यांचे वडील मुबारक मिठाचे व्यापारी. मला हवी होती जुन्या गलबतांची माहिती; बोलता बोलता दाजींनी अडवलेल्या भगदाडाचा विषय काढला. नानखटाई पुढे करत म्हणाल्या, "दाजी? अल्ला त्यांना बख्शे, ते तर पळाले होते रे मास्तर! भगदाडात बाबा बसले, पाठीला पोती लावून. लोक परतले तेव्हा बांध शाबूत. बाबा गेलेले."

नानखटाई बशीत परत ठेवली.

"खाला, कधी बोलला नाहीत?"

"कोणी विचारलं कधी?"

२२ जुलै
कबरस्तानात जाऊन आलो. मुबारक यांच्या दगडावरची तारीख – उधाणाचीच.

२४ जुलै
गावी काशिरामकाकांना सांगितलं. दाजींचे धाकटे चिरंजीव, पंचाहत्तरीतही आवाज खणखणीत. "आपलाच म्हातारा बुडवतोस? घराचा मान जाईल, कलतंय का तुला?" दार लावून घेतलं! चहासुद्धा नाही.

घरी भामाला विचारलं, काय करू? म्हणाली, "पोरांच्या चुकांना लाल गोल करता. घरच्यांच्या चुकांना वेगळं पेन आहे का?"

बायकोला इतिहास सांगू नये.

३० जुलै
सकाळी देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. उठून प्रकरण बदललं आणि छापखान्याला पाठवलं.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
खाडीवर सगळ्यांसमोर छापखान्याहून आलेलं त्या पानाचं प्रूफ तळटिपेसकट वाचलं. पहिला नारळ हातात घेतला नाही. म्हटलं, हा मान आमचा नव्हे. काका पाठ फिरवून निघून गेले.

९ ऑगस्ट
सकाळीच काकांचा फोन. "मास्तर, तो दुसऱ्या नारलाचा 'अज्ञात' खोड. दाजी मरताना मला सांगून गेला. सोडताना मनातल्या मनात नाव घ्यायचा. मोठ्यानं घ्यायची छाती नाय झाली. माजी पन नाय झाली. लिही – मुबारक."