सात घोड्यांत तिसरा

आई, नगरच्या आपल्या स्वयंपाकघरात तू अप्पांना चुलीपुढे पाटावर बसवून रेसचे प्रकार समजून घ्यायचीस, ते मला अजून दिसतं. लढाईचे दिवस होते, साखर आणि रॉकेल रांगेत मिळायचं, आणि वकिलांकडे कारकुनी करणारे अप्पा दर शनिवारी कॅम्पातल्या बुकीकडे पुण्याच्या घोड्यांवर पैसे लावायचे. तू रडून पाहिलंस, अबोला धरून पाहिलास. नाद सुटत नाही म्हटल्यावर तो शिकूनच घेतलास. भाकरी थापता थापता तू विचारतेस, विन म्हणजे काय? ते खाली मान घालून सांगतात, घोडा पहिला आला तरच पैसे. प्लेस म्हणजे पहिल्या तिघांत आला तरी पैसे, पण विनपेक्षा कमी. आणि तेही आठ घोडे धावले तर. सातच धावले, तर पहिल्या दोघांनाच. डबल म्हणजे दोन शर्यतींतले दोन्ही घोडे पहिले यायला हवेत, एक जरी मागे राहिला तरी सगळं बुडालं. अप्पांचा सगळा जीव त्या डबलवर. तू तवा उतरवलास आणि म्हणालीस, "एका घोड्याचा भरवसा नाही, आणि तुम्ही दोघांवर घर ठेवता?" त्या दिवसापासून फक्त प्लेस, तेही आठ घोडे असतील तरच, अशी तू त्यांना शपथ घातलीस. त्यांनी ती बरीचशी पाळली. त्यावर आपलं घर तरलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

माझं लग्न मात्र जमेना. दोन स्थळं अप्पांच्या नादाची कुणकुण लागून परत गेली होती, आणि आता येणारं तिसरंही गेलं तर पुढे कुणी येणार नाही असं घरात सगळे न बोलता धरून चालले होते. पुणतांब्याची माणसं बघायला आली. मुलगा शिकलेला, घरी गोदावरीकाठचा ऊस. मला तो आवडला होता, हे तुलाही मी कधी सांगितलं नाही. चहा झाला, बोलणं रंगलं, आणि मुलाचे वडील मोसंबीचा माल घेऊन पुण्याला गेले असताना रेस बघायला गेले होते, ते सांगू लागले. प्लेसचं तिकीट काढलं, घोडा तिसरा आला, तरी खिडकीवरच्या माणसाने पैसे दिले नाहीत. चोर होता, त्याला तिथंच धरून बडवायला पाहिजे होता, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ज्या माणसाला तू कधी पाहिलं नाहीस, त्याच्यावर आळ आलेला तुला सोसवेना. दाराआडून तू विचारलंस, घोडे धावले किती? ते बोटांवर मोजून म्हणाले, "पत्रकात नऊ हुते, दोन काडलं. सात."

"मग तिसऱ्याला काही नसतं. त्याने तुम्हाला फसवलं नाही."

मुलाचे वडील दाराकडे वळले. मग ते हसत, पण नीट रोखून म्हणाले, "वैनी, तुमाला हे कसं ठावं?"

अप्पांनी पानाचं तबक पुढे ओढलं. चुना लावता लावता म्हणाले, "हिच्या भावाला नाद. माहेरी ऐकून ऐकून पाठ झालंय हिला." राहुरीचा मामा! शाळेत मास्तर, पत्त्याला हात न लावणारा. आणि अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, काय गं? तू दारातून माझ्याकडेच बघत होतीस. मी होय म्हणून मान हलवली.

लग्न ठरलं. मांडवात सासऱ्यांनी मामाच्या खांद्यावर हात टाकून पुढच्या शनिवारचा घोडा विचारला. तो गोंधळला, त्याने तुझ्याकडे पाहिलं, आणि तुझी मान खाली गेलेली पाहून जे समजायचं ते समजला. "आता सोडलं मी ते," एवढंच तो म्हणाला. पाठवणीच्या वेळी तू माझा पदर सारखा करत हळूच म्हणालीस, "त्यांचं मला काही वाटलं नाही. तू मान हलवलीस." त्या दिवाळीला तू भाऊबीजेला राहुरीला गेली नाहीस. पुढेही फारशी गेली नाहीस, आणि का ते मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही.

माझा संसार चांगला झाला, आई, याचीच जास्त लाज वाटते. वाईट झाला असता तर निदान शिक्षा भोगली असं म्हणता आलं असतं. हे आयुष्यभर माझ्या मामाच्या घोड्यांवरून थट्टा करायचे आणि मी दर वेळी हसायचे. हा कागदही मी ठेवणार नाही. सुनेच्या हाती पडला तर माझ्या वडिलांचं नाव जाईल, हा विचार आत्ता लिहितानाही मनात आलाच.

गेल्या आठवड्यात नातू टीव्हीवर रेस बघत होता. तिसऱ्या घोड्याला काही मिळतं का गं आजी, असं त्याने सहज विचारलं. मी म्हटलं, धावले किती त्यावर आहे. तो बघतच राहिला. तुला हे कुणी शिकवलं, म्हणाला. अप्पा नाहीत, सासरे नाहीत, हे नाहीत. मोडायला आता लग्नही नव्हतं. तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं.

मी म्हणाले, "माझ्या मामाला नाद होता."