इस्त्रीच्या टेबलावरची शाल

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. नीट पोचलीस ना? भावोजींचा गुडघा कसा आहे? मी इकडे ठणठणीत आहे.

सोबतच्या डबीत तुझा चष्मा आहे. नंबर जुन्या कागदावरून घेतला, पण काचा मी स्वतः घासल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मालक म्हणाले, "एवढ्या निगुतीनं गिऱ्हाइकांचं काम केलंस तर दुकानाचं भलं होईल." काचेचा खालचा भाग जवळच्या कामासाठी आहे. पहिले दोन दिवस जिना उतरताना जमीन वर आल्यासारखी वाटेल, तेव्हा कठडा धर.

खरं तर तू दुकानात येऊन डोळे तपासून घेणार होतीस. त्यासाठीच आली असशील. इकडे ऊन वाढलंय. दुपारी दुकानाच्या काचेला हात लावला तर चटका बसतो.

बघ, उन्हाचं लिहायला लागलो. रविवारचं लिहायचंय आणि पेन तिकडे वळत नाही.

दर पत्रात मी तुला लिहीत आलो, की रोज सकाळी शाल पांघरून प्रार्थना करतो आणि शालीच्या पिशवीवर तू भरलेल्या बिबट्याचं खोलीतले दोघे सोबती कौतुक करतात. ते खोटं होतं ताई. अकरा महिन्यांत एकदाही मी ती शाल खांद्यावर घेतली नाही.

ती पिशवी तू दिलीस तेव्हा मी जरा हिरमुसलो होतो. बाकी सगळ्यांच्या मखमली पिशव्यांवर तू मुकुटाच्या दोन बाजूंना दोन सिंह भरतेस, आणि सख्ख्या भावाला एकटा बिबट्या! तू म्हणालीस, "सिंह बळाचा, हरीण चपळाईचं, गरुड हलकेपणाचा. पण बाबा सांगायचे, आपल्या धर्मग्रंथातल्या त्या वचनात पहिलं नाव बिबट्याचं येतं. तो धिटाईचा. लोक हसले तरी आपल्या प्रार्थनेची लाज वाटू द्यायची नाही, हे आधी जमलं पाहिजे. मग बाकीचे तिघे. तुला तर याचीच गरज आहे, लाजाळूचं झाड!" एकेक ठिपका भरताना तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तू ते बाहीनं पुसत होतीस.

खोलीवर आलो त्याच दिवशी सोबत राहणाऱ्या ड्रायव्हरनं माझ्या खाटेवरची पिशवी उचलली आणि म्हणाला, "अरे, हे मांजर कुणाचं?" दुसरा सोबती, वायरमन, हसला. बस, एवढंच झालं. माझे कान तापले. यहुदी म्हणजे काय, शाल कशाची, तिच्या चार कोपऱ्यांना गोंडे कशाला, हे सगळं आता विचारतील असं वाटलं आणि मी म्हणालो, "माझं नाही. आधी राहणाऱ्याचं राहिलं असेल."

वायरमननं शाल बाहेर काढली. "लोकरीची दिसते. टेबलावर घालू, इस्त्रीला झकास!" त्यानं ती चार पदरी केली. पिशवीत कपड्यांचे चिमटे गेले. मी बघत उभा राहिलो.

रविवारी तू न कळवता दारात आलीस तेव्हा वायरमन इस्त्रीच करत होता. तुझी नजर आधी टेबलावर गेली, मग माझ्यावर. ड्रायव्हरनं विचारलं, "कोण रे?" बहीण म्हटलं असतं तर शाल कुणाची ते उघडं पडलं असतं. तेवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "शिवणकाम करतात या. माप घ्यायला आल्यात."

तू म्हणायला हवं होतंस, "थोबाड फोडीन." पण तू पर्समधून टेप काढलीस. माझे खांदे मोजलेस, हात मोजला, गळा मोजला. आणि म्हणालीस, "वाळलात हो."

जन्मात पहिल्यांदा तू मला अहो-जाहो केलंस.

जाताना टेबलापाशी थांबून शालीचा कोपरा तू सरळ केलास. गोंडा नसलेला कोपरा. मी तुला जिन्यापर्यंत सोडायलासुद्धा आलो नाही.

तो गोंडा वायरमननं कापला असं तुला वाटलं असेल. नाही. मी कापला. इस्त्रीच्या वायरीत अडकायचा. "काहीतरी कर बाबा त्याचं," तो म्हणाला आणि मी दाढीचं ब्लेड घेतलं. आठ दोरे, पाच गाठी. बाबांनी आजारपणात, बोटं थरथरत असताना बांधलेल्या. दफनाआधी बाबांना त्यांच्या शालीत गुंडाळलं तेव्हा त्या शालीचा एक गोंडा कापला होता, आणि आपण दोघं तिथेच उभे होतो. गोंडा कुणाच्या शालीचा कापतात हे मला ठाऊक होतं. तरी कापला. आणि त्यावर माझा शर्ट इस्त्री करून कामाला गेलो.

काल सकाळी दोघांना सगळं सांगितलं. वायरमन खाटेवर बसलाच. "अरे शहाण्या, पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतंस तर? जुनं घोंगडं पडलंय माझं खाटेखाली!" ड्रायव्हर म्हणाला, "मांजर मला आवडलं होतं रे. घरी तीन आहेत माझ्या." म्हणजे माझ्या प्रार्थनेला हसणारं कुणी नव्हतंच, ताई. मी कुणाला भीत होतो, कुणास ठाऊक.

मग शाल घेऊन सिनेगॉगमध्ये गेलो. तिथल्या म्हाताऱ्या काकांनी ती उजेडात धरली. मधोमध इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग आहे, तो जाणार नाही म्हणाले. तीन गोंडे शाबूत आहेत, चौथा नवा बांधता येतो. त्यांनी दोरे दिले. दोनदा चुकलो, दोनदा सोडला, तिसऱ्यांदा जमला. बाबांच्या गाठींशेजारी माझ्या गाठी अगदी गबाळ्या दिसतात.

आज सकाळी दोघांसमोर शाल पांघरली. ड्रायव्हरनं न सांगता रेडिओ बंद केला. धीट झालोय असं काही वाटलं नाही. सारखी तुझी टेप खांद्यावर फिरत होती.

वायरमन म्हणतो, मी येतो तुझ्याबरोबर, इस्त्री माझी होती, माफी मीच मागतो. त्याला नको म्हटलं. इस्त्री त्याची होती, पण बहीण माझी होती.

रविवारी एकटाच येतोय. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बघितलं तरी. त्याआधी उत्तर लिहिलंस तर वाट्टेल ते लिही. शिव्या घाल, पण त्यात मला "अहो" म्हणू नकोस.

तुझा सख्खा भाऊ