भूगोलाच्या बाईंचं घर

ती. आक्कास,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. माझी पाठ तेवढी बरी नाही, पण तिचं कारण पुढे ओघाने येईलच. तुझा गुडघा काय म्हणतो? मागचं पत्र पोचलं. पत्र एक पानाचं आणि त्यात ‘मी मजेत आहे’ तीनदा. शिवाय हॉलमधला टीव्ही बंद झाला की झोप लागते, असंही लिहिलं आहेस. तो किती वाजता बंद होतो, ते मात्र लिहिलेलं नाहीस.

आता तू विचारलंस म्हणून (विचारलं नव्हतंस, पण कधीतरी विचारलं असतंस) आपल्या शाळा कर्मचारी संघटनेची हकिगत कळवतो. मी तिचा लाभ सचिव आहे. निवडणुकीच्या वेळी मी चहा आला का ते बघायला बाहेर गेलो होतो, परत आलो तोवर बिनविरोध निवडून आलो होतो. काम एवढंच, की दर तीन महिन्यांनी वार्तापत्र काढायचं. पहिलं पान बातम्यांचं, दुसरं सभासदांना मिळणाऱ्या लाभांचं. लाभ आजवर तीन होते. शाळेसमोरच्या चष्मेवाल्याकडे सवलत, निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ आणि आजारपणात कार्यकारिणीची घरी भेट. या तिसऱ्या लाभामुळे आमच्यात आजारी पडण्याचं प्रमाण बरंच कमी झालं आहे.

आणि अचानक चौथा लाभ मिळाला. आमच्या भूगोलाच्या बाई गेल्या आणि जाताना समुद्राकाठचं आपलं दोन खोल्यांचं घर संघटनेच्या नावे करून गेल्या. अट एकच होती. घर सलग तीन महिने रिकामं राहता कामा नये. राहिलं, तर ते त्यांच्या पुतण्याकडे जाईल. (जन्मभर नकाशातले समुद्र दाखवून त्या कंटाळल्या होत्या, म्हणून त्यांनी खऱ्या समुद्राजवळ घर घेतलं. तिथे त्यांना राहायला मिळालं ते जेमतेम एक वर्ष. ते घर बंद पडू नये एवढीच त्यांची इच्छा, आणि ती मोडायची नाही असं मी मनाशी ठरवलं होतं.)

मी वार्तापत्रात चौकट टाकली, ‘सुट्टीत सभासदांसाठी विश्रामगृह, प्रथम येणाऱ्यास प्राधान्य.’ हे शेवटचे शब्द मी शाळेच्या प्रवेशाच्या नोटिशीतून जसेच्या तसे उचलले होते. कार्यकारिणीतल्या नऊ जणांनी मजकूर वाचला, दोघांनी स्वल्पविराम सुधारले. पण आपल्या सगळ्या शाळांना सुट्टी एकाच दिवशी लागते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आयुष्य शाळेत गेलेल्या माणसांच्या.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या घरासमोर बारा कुटुंबं उभी होती. त्यातली आठ तर शाळेच्या बसनेच आली होती, कारण बसचा ड्रायव्हरही सभासद आहे आणि तोही सहकुटुंब निघाला होता. मी, तुझी भावजय आणि दोन बॅगा नवव्या क्रमांकावर. बावीस वर्षांत तिला मी कुठे नेलं नव्हतं. तिने गर्दीवर एक नजर फिरवली आणि म्हणाली, “ही तर तुमची स्टाफरूमच आहे की.” त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पुढे काय झालं असेल याची कल्पना तुला येईल, तूही तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं आहेस. एक्केचाळीस माणसं, दोन खोल्या, एक न्हाणीघर. पीटीच्या सरांनी उंचीप्रमाणे रांगा लावल्या. गणिताच्या बाईंनी हिशोब करून माणशी नऊ मिनिटांची तासिका ठरवली. प्रयोगशाळेच्या शिपायाने ताटावर चमचा वाजवून तास सुरू झाल्याचं आणि संपल्याचं जाहीर करायला सुरुवात केली. मुख्याध्यापक टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभे राहिले आणि उशिरा येणाऱ्यांची नावं लिहू लागले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण दार दिसलं की त्यांना राहवत नाही. मी व्हरांड्यात बस ड्रायव्हर आणि बागेची कुदळफावडी यांच्या मधे झोपलो. पाठीचं कारण ते हे. चौथ्या दिवशी सगळे एकमेकांना ‘सुट्टी छान गेली’ असं सांगून घरी परतले आणि मी घराला कुलूप लावलं.

तेव्हापासून ते तसंच आहे. शाळा सुरू असताना सभासदांना रजा मिळत नाही, आणि सुट्टी लागली की सगळ्यांनाच लागते. पुतण्या सज्जन माणूस आहे. महिन्याच्या एक तारखेला तिथे जातो, खिडकीतून आत डोकावतो, वहीत टिपून घेतो आणि परतताना शाळेत येऊन मला नमस्कार करून जातो. येत्या एक तारखेला त्याचे तीन महिने पूर्ण होतात. त्याआधी कुणी राहायला गेलं नाही, तर घर गेलं.

म्हणून गेल्या रविवारी सर्वसाधारण सभा बोलावली. आत दिवा लावून ठेवावा, दोरीवर कपडे वाळत घालावेत, अशा सूचना आल्या. चित्रकलेचे सर पडद्यावर माणसाची सावली काढून द्यायला तयार होते. मी म्हणालो, “निवृत्तांना देऊ या, त्यांना रोजच सुट्टी असते.” अध्यक्ष म्हणाले, “घड्याळ दिलं की सभासदत्व संपतं. नियम आहे.” तेव्हा मी जुनं इतिवृत्त काढलं. ते मला नकाशांच्या कपाटामागे सापडलं होतं (सापडलं म्हणजे दोन दिवस शोधल्यावर). त्यात स्पष्ट लिहिलं आहे की स्थापनेच्या सभेला हजर असलेले आजन्म सभासद राहतील. खाली एकोणीस सह्या. त्यातल्या अठरा जणांना आता कुठल्याच लाभाचा उपयोग नाही. एक व्यक्ती आहे, नाव नंतर कळवतो, असं मी सांगितलं. तेवढ्यात चहा आला, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

बाकी विशेष काही नाही. गुडघ्याला जपावं. घरच्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. एकोणिसावी सही तुझी आहे. अक्षर तेव्हाही असंच होतं, टाके घातल्यासारखं. घर वाचवणं आता तुझ्या हातात आहे. संघटनेवर उपकार होतील.

ता. क. दुसरा. उपकाराचं खोटं लिहिलं. आक्का, तू मजेत नाहीस हे मला कळतं. यात तुझ्या मुलाचा दोष नाही. दोन खोल्यांत पाच माणसं म्हटल्यावर कुणाला तरी हॉलमध्ये झोपावं लागतंच. पण ते सात वर्षं तूच का, हे मी एकदाही विचारलं नाही. याची मला लाज वाटते.

ता. क. तिसरा. तू नको म्हणशील हे गृहीत धरून अर्जावर तुझी सही मीच केली आहे. सहावीत माझ्या प्रगतीपुस्तकावर बाबांची सही तू केली होतीस, तेव्हा तक्रार करायला तुला जागा नाही. तुझी भावजय पहिले आठ दिवस सोबतीला येते म्हणते. मला बोलावलेलं नाही.

ता. क. शेवटचा. घराची किल्ली एकच आहे आणि ती या पाकिटात आहे, त्यामुळे तू गेली नाहीस तर कुणालाच जाता येणार नाही. गादी उन्हात घालून ठेवली आहे. स्वयंपाकघराचं छत एका जागी गळतं, तिथे पातेलं ठेवलंय, ते हलवू नकोस. टीव्ही नाही. झोप किती वाजता लागते ते कळव.