जपानी भुताची सीडी आणि भोकरदनचं स्थळ

९ नोव्हेंबर २००३, रविवार. परतूर.

सकाळी जालन्याहून अप्पारावांचा फोन. त्यांचं साप्ताहिक 'परखड' संगणक विशेषांक काढतंय. म्हणाले, सर, कागदावरच्या कादंबऱ्या तुम्ही लई झोडपल्या, आता एखादी कॉम्प्युटरवरची कादंबरी घ्या. बाहेरच्या देशातली पोरं असल्या गोष्टी पडद्यावर वाचून राह्यलीत म्हणे.

मी म्हणालो, ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवणारा माणूस आहे मी, ज्याचा साहित्याशी संबंध नाही त्याचं परीक्षण करत नाही. ते म्हणाले, मंग दुसऱ्या कोणाला देतो. लगेच स्वीकारलं. साहित्याचं रक्षण कुणीतरी करायलाच हवं.

संकल्प: गुरुवारपर्यंत चिरफाड पूर्ण.

१० नोव्हेंबर, सोमवार.

मावसभाऊ मच्छिंद्रचा स्टेशन रोडला कॉम्प्युटर क्लास आहे. त्याच्याकडून सीडी आणली. सीडीवर त्याने स्केचपेनने लिहिलंय: 'जपान भूत ५ मुली'. हे शीर्षक! वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. आईने विचारलं, काय हाय रे ते काकासाहेब? म्हटलं, शैक्षणिक.

आमचा कॉम्प्युटर प्रश्नपत्रिका टाइप करण्यासाठी घेतलेला आहे. अजून एकही टाइप झालेली नाही, पण तो विषय वेगळा.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

पाहिलं. शिसारी आली.

चित्र हलत नाही. खाली इंग्रजी वाक्य येतं, माऊस दाबला की पुढचं वाक्य. इंग्रजीही कोणा हौशी माणसाने केलेलं भाषांतर. डिक्शनरी मांडीवर घेऊन बसावं लागतं. नायक कॉलेजचा पोरगा. सुट्टीत डोंगरातल्या मामाच्या गावी येतो. शेतात हात लावत नाही, पुस्तक उघडत नाही. गावात पाच पोरी. एक भुतीण, बस स्टँडवर चहा विकते. एक कोल्हीण, दिवसा बाई होऊन भाजी विकते. एक रडली की पाऊस पडतो. एकीला उद्याचं आजच दिसतं. पाचवी वाचनालयात बसते, तिच्यात काहीच नाही. लेखकाची कल्पनाशक्ती पाचवीपर्यंत येता येता आटली असावी.

आणि हा एकटा पठ्ठ्या पाचही जणींशी गोड बोलतो! कुणाशी जमवायचं ते वाचकाने ठरवायचं. त्याला 'रूट' म्हणतात. आमच्याकडे याला दुसरा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

केवळ परीक्षणासाठी आणखी थोडं पाहिलं. जेवण गार झालं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

चिरफाड पूर्ण झाली नाही. कारण लोडशेडिंग. माझा दोष नाही.

महत्त्वाचा मुद्दा: भुतिणीचे पाय सरळ आहेत. उलटे नाहीत! आमच्या आईला जे माहीत आहे ते या जपान्यांना माहीत नाही, आणि निघाले भुताची गोष्ट लिहायला.

कथानक शून्य. कालच्या सगळ्या बैठकीत नायकाने एक भोपळा चिरला आणि बसची वाट पाहिली. बस आली नाही. मीही वाट पाहत बसलो, याचा जास्त संताप आला.

१६ नोव्हेंबर, रविवार.

शेवटपर्यंत गेलो. फसवणूक!

प्रत्येक पोरगी विचारते, जत्रेला माझ्यासोबत येशील का? खाली तीन उत्तरं: हो, नाही, नंतर सांगतो. मी पाचही जणींना 'नंतर सांगतो' दिलं. जबाबदार पुरुष असंच करील. तर शेवटी जत्रेच्या दिवशी नायक एकटा बाकावर बसून गार भात खातो. समाप्त. याला शेवट म्हणतात?

मच्छिंद्रला फोन करून सांगितलं, सीडी खराब आहे. तो म्हणाला, दादा, सीडी बराबर हाय, तूच एकीला बी हो म्हणून नाही राह्यला. मी म्हणालो, तुला अजून जगाचा अनुभव नाही. त्याला बायको आणि दोन मुलं आहेत, पण अनुभव ही वेगळी गोष्ट आहे.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तोच भात.

२३ नोव्हेंबर, रविवार.

भोकरदनला मुलगी पाहायला गेलो. मी, आई, मच्छिंद्र.

आजवर बऱ्याच मुली पाहिल्या. एकही पसंतीस उतरली नाही. कुणी चहा ठेवताना हसली, कुणी वाचतच नाही, एक तर माझ्यापेक्षा जास्त वाचलेली निघाली. आई म्हणते, अरे, पस्तिशी उलटली. मी म्हणतो, दर्जा महत्त्वाचा.

ही बेबीनंदा. वाटूरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, तिथेच खोली करून राहते. वडील कडूबा, भोकरदनच्या बाजारात बियाण्यांचं दुकान. पोहे घेऊन आली. हातात पुरुषी घड्याळ. सरळ माझ्याकडे पाहिलं.

कडूबा म्हणाले, विचारा पोरीला काय विचारायचं ते. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, असले बुरसटलेले प्रश्न मी विचारत नाही. विषय साहित्याकडे वळवला. जपानी सीडीतल्या नायिका किती किळसवाण्या आहेत ते तिला सविस्तर समजावलं. कोल्हिणीला चारित्र्य नाही. सारखी रडणारी बाई घरात असली तर कपडे कधी वाळायचे. उद्याचं आज दिसणारी बायको नवऱ्याला सुखाने जगू देणार नाही. पाऊण तास बोललो. मच्छिंद्र मधूनमधून खोकत होता, त्याला सर्दी झाली असावी. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, मंग ती वाचनालयवाली कशी हाय? म्हटलं, तिच्यात काहीच नाही. तिने बशा गोळा केल्या आणि आत गेली. प्रभाव स्पष्ट दिसत होता.

निघताना रीतीप्रमाणे सांगितलं, कळवतो.

मुलगी मनात भरली आहे. हे कोणाला बोलणार नाही. मुलाकडच्यांनी लगेच हो म्हटलं की किंमत राहत नाही. महिनाभर तरी ताटकळत ठेवायचंच असतं, सगळे ठेवतात.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

कॉलेजातून आलो तर आई फोनवर. बारीक आवाजात, बराच वेळ. ठेवल्यावर म्हणाली, राँग नंबर. मी समजावलं की राँग नंबरशी इतकं बोलू नये. बरं म्हणाली. मग माझ्यासाठी शिरा केला. आज काय विशेष, विचारलं, तर वाटीत आणखी तूप सोडलं. म्हातारपण.

७ डिसेंबर, रविवार.

जालन्याला दुसरं स्थळ पाहिलं. भोकरदन मनात असलं तरी सगळे रूट पाहिल्याशिवाय निकाल देणं समीक्षेच्या नीतीत बसत नाही. इथेही नायिकांवर बोललो. ही मुलगी फार हसते. मी 'कळवतो' म्हणायच्या आत तिचे वडीलच म्हणाले, आम्ही कळवतो. लोकांना साध्या रीती राहिल्या नाहीत.

परत येताना जीपमध्ये मच्छिंद्र म्हणाला, दादा, त्या सीडीचं नाव बी काढू नको ना लोकांच्या घरात. अडाणी.

१४ डिसेंबर, रविवार.

भुतिणीचा रूट नाइलाजाने पूर्ण केला. ती शेवटी विरून जाते. इतके दिवस रोज तिच्या टपरीवर चहा प्यायचा आणि तिने विरून जायचं! वाचकाच्या भावनांशी खेळण्याचा हा अत्यंत हलकट प्रकार आहे.

आईने विचारलं, डोळे काहून लाल रे? म्हटलं, फोडणीचा ठसका. घरात कालचं पिठलं होतं, फोडणी कुणी घातली नव्हती.

संकल्प: उद्यापासून बंद.

१५ डिसेंबर, सोमवार.

कोल्हिणीचा रूट सुरू केला.

२७ डिसेंबर, शनिवार.

परीक्षण छापून आलं. 'विकृत', 'बाजारू', 'दिशाहीन' हे शब्द भरपूर वापरले. तरुणांनी या घाणीपासून दूर राहावं, असं शेवटी कळकळीने लिहिलंय. पाहिलेल्या प्रत्येक रूटमधली घाण कुठे आहे आणि तिथपर्यंत कसं पोचतात तेही पुराव्यासाठी दिलं.

संध्याकाळी मच्छिंद्रचा फोन. म्हणाला, दादा, एक नंबर लिहिलं! सीडीसाठी पोरं लाइनीत उभी हायेत. आणखी एखाद्या सीडीला शिव्या देतो का? फोन आपटला. या तालुक्यात समीक्षेला भवितव्य नाही.

२८ डिसेंबर, रविवार.

बराच विचार करून आईला सांगितलं, भोकरदनला होकार कळव. भरपूर ताटकळली बिचारी. आई शेंगा फोडत होती. हात थांबला. मग म्हणाली, पौष लागला ना रे बाबा, पौषात बोलणी करत नसतेत. मी आधुनिक विचारांचा आहे, पण आईच्या श्रद्धेचा मान ठेवला. एवढं थांबली, आणखी थांबेल.

११ जानेवारी २००४, रविवार.

वाचनालयवालीचा रूट. बाकीचे संपले म्हणून फक्त.

हिच्यात खरंच काही नाही. पुस्तकं रचते, पुसते, खिडकी लावते. नायक आला की विचारते, आज दिवस कसा गेला? आणि उत्तर ऐकेपर्यंत दुसरं काही करत नाही. बस्स. जत्रेचं विचारलं तेव्हा मी पहिल्यांदाच 'हो' दाबलं.

लेखक गाढव आहे. इतकी चांगली मुलगी शेवटी ठेवतात का?

मला रोज संध्याकाळी असं विचारणारं कोणी हवं आहे. आई विचारते, पण ती जेवलास का विचारते.

१८ जानेवारी, रविवार.

आईला म्हटलं, पौष संपत आला, गुरुवारी फोन कर. म्हणाली, फोन डेड हाय. उचलून पाहिला, चालू होता. म्हणाली, आत्ताच आला असंल. मग म्हणाली, काकासाहेब, आपण दुसरीकडं बघू ना, भोकरदन लई लांब पडतं. मी रागावलो. म्हटलं, ती पोरगी दोन महिने माझ्या शब्दावर बसून आहे, तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आई उठून तुळशीला पाणी घालायला गेली. संध्याकाळी कोणी तुळशीला पाणी घालतं का?

ठरलं. अमावस्या उलटली की स्वतः वाटूरला जाऊन सांगणार. रीत मोडली तर मोडली. तिला आनंदाचा धक्का बसेल. काय बोलायचं ते पाठ केलंय. आधी विचारणार, आज दिवस कसा गेला?

२३ जानेवारी, शुक्रवार.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून वाटूरला गेलो. नवा शर्ट घातला. जीपमध्ये कापसाच्या गाठोड्यावर बसावं लागलं, शर्टाला सगळा कापूस चिकटला.

शाळेची मधली सुट्टी होती. ती व्हरांड्यात आली. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. एकदम म्हणालो, आमचा होकार आहे.

ती म्हणाली, सर, आमच्या बाबांनी तर दुसऱ्याच दिवशी फोन करून नकार कळवला व्हता. तुमच्या आईनं न्हाई सांगितलं का?

मी म्हणालो, नाही.

म्हणाली, फोनवर त्या रडल्या. म्हणल्या, एवढ्या दिवसांनी पोराला कोणी पसंत पडलं, लगेच नका बोलू कोणापाशी. त्याला वाटू द्या का त्यानंच सोडलं.

कारण विचारलं. विचारायला नको होतं. ती म्हणाली, राग मानू नका सर. पाऊण तास तुम्ही त्या पाच बायांवर बोलले. सहावी समोर बसली व्हती, तिला नाव बी न्हाई विचारलं.

आवाजात राग नव्हता. वर्गात पोराला चूक समजावून सांगावी तसं सांगितलं. मग म्हणाली, ऊन झालंय, चहा घेऊन जा. चहा घेतला. बेल झाली, ती वर्गावर गेली.

परत येताना स्वतःचीच शिसारी आली. आजवर एवढी कुठल्याच पुस्तकाची आली नव्हती. लाजही वाटली, आणि सगळ्यात जास्त आईसमोर जायची वाटली. दोन महिने ती एकटी हे पोटात घेऊन राँग नंबर, पौष, डेड फोन करत बसली.

घरी आलो. आई चुलीपाशी होती. म्हणाली, कुठं गेल्ता? म्हटलं, मोंढ्यात. शर्टावरचा कापूस तिने पाहिला, मोंढ्यात कापूस असतोच.

मग म्हणालो, आई, भोकरदनचा नीट विचार केला. मला नाही पसंत ती मुलगी. तू तसं कळवून टाक.

आईने तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, बरं झालं बाप्पा. मला बी काही लई आवडली न्हवती.

मग जेवताना आम्ही दोघांनी मिळून तिला नावं ठेवली. आई म्हणाली, आवाज केवढा मोठा. मी म्हणालो, पोहे खारट होते. आई म्हणाली, घड्याळ कसलं बाप्याचं. मी म्हणालो, हो ना, आणि नाकही बसकं.

नाक चांगलं सरळ आहे तिचं.