कडू घोट आणि गुळाचा खडा

शनिवार पेठ, पुणे
सोमवार, दुपार

ती. अक्का हिस,

श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुझे गुडघे धायरीच्या जिन्याला पुरून उरत असतील अशी आशा करतो. (लिफ्ट सुरू झाली का? नसेल तर तुमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना आणखी एक पत्र लिहून देतो. मागचं त्यांना जरा सौम्य वाटलं असावं.) फोनवर ‘बिअर’ म्हटलं की तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. तू तेही मिटून ठेवशील, पण पाच मिनिटांनी पुन्हा उघडशील, हे मला ठाऊक आहे.

तर तुझ्या हुकमावरून काल तुझ्या स्पृहाबरोबर जाऊन तिच्या सलिलला पाहून आलो. ‘दारू गाळणाऱ्याच्या घरात माझी मुलगी जाणार नाही, तरी श्याम एकदा बघून येऊ दे,’ हे तुझेच शब्द. म्हणजे तुझ्या लेकीचं लग्न माझ्या जिभेवर येऊन ठेपलेलं. ही जबाबदारी ओळखून मी सकाळपासून लसूण खाल्ला नाही. त्याचा बिअरचा कारखाना बाणेरच्या पुढे एका गोदामात आहे. मला वाटलं होतं, अंधार, धूर आणि दांडगे मिशीवाले लोक असतील. पाहतो तर दवाखान्यासारखी लख्ख फरशी, स्टीलच्या उंच टाक्या, भाजलेल्या सातूचा वास आणि गमबूट घालून स्वतः टाकी घासणारा सलिल. या धंद्यात अर्ध्याहून जास्त दिवस घासण्याधुण्यातच जातो म्हणे. (आमच्या भाऊजींनी चाळीस वर्षांत एक पातेलं घासल्याचं मला आठवत नाही. असो.)

मग त्याने पिल्सनर नावाची बिअर आणली. पातळ, सोनेरी, वर बोटभर फेस. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं तिच्यात जरा सढळ हाताने घातली आहेत, तेव्हा काका, आधी वास घ्या आणि सावकाश प्या, असं त्याने बजावलं. वास घेतला. नखाने संत्र्याची साल काढावी आणि शेजारी कुणी गवत कापत असावं, तसा. इथवर मी सभ्य माणूस होतो. पण पहिला घोट जिभेच्या मागे पोचला, तिथे तो कडूपणा लागला आणि अक्का, मी थेट तुझ्या काडेचिराइताच्या पेल्यासमोर जाऊन उभा राहिलो. दर रविवारी सकाळी तू माझं नाक चिमटीत धरून तो पाजायचीस. अडुसष्टाव्या वर्षीही शरीर ते वळण विसरलेलं नाही. मी डाव्या हाताने नाक धरलं, डोळे मिटले, अख्खा ग्लास एका दमात संपवला आणि उजवा तळहात पुढे केला. गुळासाठी.

स्पृहा हसू दाबत टेबलाखाली काहीतरी शोधू लागली. सलिल हसला नाही. ‘आलोच, काका,’ म्हणाला, आत स्वयंपाकघरात गेला आणि खरोखर गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला. मग हळूच विचारलं, ‘कोण द्यायचं तुम्हाला?’ मी म्हटलं, ‘अक्का.’ मला भरून आलं. (बिअरमुळे नव्हे.) दुसरा ग्लास मात्र त्याच्या पद्धतीने प्यायलो. कडू लागतं खरं, पण मागे रेंगाळत नाही, जीभ स्वच्छ करून निघून जातं. तुझ्या काढ्याबद्दल असं मला कधी म्हणता आलं नाही.

निर्णय अर्थात तुझा. मी मध्ये पडत नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
श्याम

ता. क. : वर ‘दुसरा ग्लास’ लिहिलं आहे, तिथे ‘दुसरा आणि तिसरा’ असं वाचावं.

ता. क. २ : मध्ये पडलोच आहे. येत्या रविवारी सकाळी सलिलला तुझ्याकडे घेऊन येतो. त्याला तुझं काडेचिराईत प्यायचं आहे. मी त्याला पुरेपूर सावध केलं, तरी ऐकत नाही.

ता. क. ३ : पेला रिकामा झाला की तो तळहात पुढे करील. त्यावर गूळ ठेवलास तर आम्ही होकार समजू. डबा वरच्या फळीवर असेल तर शनिवारीच खाली काढून ठेव. ऐन वेळी गुडघ्यांचं कारण चालणार नाही.