वानोळा मागत नसतात

दादा, सगळ्यात आधी आली ती शेजारची नानी. हातात रिकामं पातेलं, म्हणजे दूध मागायला आलीय असं वाटावं. तिच्या मागोमाग जीपमधून ते दोघं उतरले, लाचलुचपतवाले, एक साहेब आणि एक बाई. मग काय, नानी ओट्यावर बसली ती बसलीच. दोनदा चहा पाजला तरी उठेना.

तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, म्हणून पहिल्यापासून सांगते. आमचे हे गेल्यावर शेतावर माझं नाव लावायचं होतं. मुलगा ओझरच्या कारखान्यात, त्याला रजा नाही. मग पंचवटीत शेवंती विकून परतताना सूनच तलाठ्याकडे चकरा मारायची. कधी शिक्का नाही, कधी साहेब मीटिंगला, एकदा तर म्हणे कागद उंदरानं खाल्ला. माझा जीव नुसता वैतागला होता. शेवटी तो तिला म्हणाला, "वहिनी, वानोळ्याचं बघा काहीतरी." माझी सून कसली खमकी! तडक नाशकात जाऊन तक्रार देऊन आली. त्यांनी दिलेला टेप पिशवीत, पावडर लावलेल्या नोटा पाकिटात. त्यानं पाकीट घेतलं आणि धरला गेला. हात धुतले तर पाणी गुलाबी झालं. त्या दिवशी मी शिरा केला, दादा, सगळ्या गल्लीला वाटला.

आता तो म्हणतो, मी भाजीच मागितली होती, पाकीट तिनं जबरदस्तीनं हातात कोंबलं. साहेब कोकणातले, त्यांनी वही उघडून मला विचारलं, "आजी, वानोळा म्हणजे काय हो?" मी सांगितलं, शेतातलं पहिलं पीक निघालं की लेकीबाळींना, शेजाऱ्यांना चवीपुरतं देतात तो. बाईंचं पेन थांबलं. सून माझ्याकडे बघतच राहिली. तेव्हा मी म्हटलं, "पण वानोळा कुणी मागत नसतं. मागितला की तो वानोळा राहत नाही." साहेब खूश झाले. म्हणाले, "या गावात आधीही या नावाखाली असं कुणी दिलंय का? एवढं सांगितलंत तर केस पक्की होईल."

तेव्हा तुमचा असा राग आला मला. मी नऊ वर्षांची आहे, नवा परकर घातलाय, डोक्यावर वांग्यांची पाटी, वांग्यांखाली रुमालाची पुरचुंडी. तुम्ही म्हणताय, "तलाठी भाऊसाहेबांना वानोळा देऊन ये. पुरचुंडी त्यांच्याच हातात दे." मी विचारते, त्यांचा स्वतःचा मळा असताना आपली वांगी कशाला? तर तुम्ही डोळे वटारता. आणि त्याच महिन्यात नानीच्या सासऱ्याचा विहिरीतला हिस्सा कागदावरून निघून गेला. सगळी विहीर आपली. तुम्ही लेक गावातच दिलीत, तेव्हा रोज तिचं तोंड बघायला मीच आहे ना! त्या विहिरीबद्दल ती आजवर एक शब्द बोलली नाही.

साहेबांना मी म्हटलं, आठवत नाही. सुनेचं तोंड एवढंसं झालं. ओट्यावर नानीनं पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

हे पत्र मी कुठे टाकणार, पिठाच्या डब्याखाली ठेवतेय. मला सगळं आठवतं, दादा. नानी जायला निघाली तेव्हा तिच्या पातेल्यात दूध घातलं आणि म्हटलं, पुन्हा ये, पुढच्या खेपेला आत येऊन बस. साहेब आणि बाई गुरुवारी परत येणार आहेत.